डाव्या पायाचे बूट

"बाई, गोदाम रिकामं आहे."

फोनवर लिलावदार होता. वकीलबाई तेव्हा जमिनीवर बसून लेकीच्या बुटाची नाडी बांधत होती. फोन खांद्याने कानाशी दाबून तिने विचारलं, "रिकामं म्हणजे?"

"म्हणजे झाडून नेलंय. पुढची मोहोर शाबूत, मागच्या दाराचं कुलूप शाबूत, आणि आत एक डबा शिल्लक नाही. लिलावाला आलेली माणसं बाहेर ताटकळतायत. काय सांगू त्यांना?"

"कशाला हात लावू नका. पोलिसांना कळवा. मी निघालेच."

लेकीने पाय हलवून बूट पाहिला. "आई, आज कुठलं दुकान बंद करणारेस?"

"बंद केलेलंच बघायला चाललेय. हे बूट घेतले ना, ते."

"मासेवालं?" लेकीचा चेहरा पडला. "मग मासे कुठे जाणार?"

आई पर्स उचलून निघाली. वाटेत दुसराच प्रश्न तिला छळत राहिला. त्या दुकानातल्या बायकांचे पगार कित्येक महिने थकले होते. गोदामातले बूट विकून ते चुकते व्हायचे होते. आता काय हातावर ठेवायचं त्यांच्या?

बुडालेली दुकानं मिटवायची हेच वकीलबाईचं काम. दुकानदाराने हात वर केले की न्यायालय तिला नेमायचं. ती जाऊन किल्ल्या ताब्यात घ्यायची, दारावर मोहोर लावायची, माल लिलावात काढायची आणि ज्यांचं देणं राहिलंय त्यांच्यात पैसे वाटायची. न्यायालयाच्या कॅन्टीनमध्ये तिला सगळे 'कुलूपबाई' म्हणत. तोंडावरसुद्धा.

पहिलं दुकान वह्या-पेन्सिलींचं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकेसारख्या आहोत. कुणीतरी नीट डोळे मिटवायला हवेतच. मग एका क्रॉकरीवाल्याला शेवटच्या रात्री आपल्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यावरून खोकी पळवताना तिने पाहिलं. दोन सख्खे भाऊ छताच्या पंख्यासाठी एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले पाहिले. स्वस्तात मिळतंय म्हणून लोकांनी काचेतल्या पुतळ्याच्या अंगातला कोट ओढून काढला आणि पुतळा तसाच उघडा सोडला, तेही पाहिलं. वर्षांमागून वर्षं हे साचत गेलं. हल्ली बंद दुकानाचा कोंदट वास आला की ती नाकाला पदर लावायची.

बुटांचं दुकान मात्र तिला आवडायचं. पोरांचं दुकान, सगळंच पोरांच्या मापाचं. बुटके स्टूल, गुडघ्याएवढा आरसा, कोपऱ्यात माशांची काचेची पेटी. भिंतीवरच्या फळ्यांवर प्रत्येक तऱ्हेचा एकेकच बूट. पोराने बोट दाखवलं की तिथे कामाला असलेली मावशी तो बूट काढायची, खाली बसायची आणि म्हणायची, "आधी डाव्याला विचारू. त्याला आवडला, तर उजवा आतून धावत येतो." मग खरंच गोदामातून डबा यायचा आणि डब्यात तेवढा उजवा असायचा. वकीलबाईची लेक त्या वेळी इतकी हसली होती की तिला उचकी लागली होती.

आज त्या दुकानात सर्दी झालेला तरुण इन्स्पेक्टर रुमालात नाक शिंकरत उभा होता.

पुढची खोली जशीच्या तशी होती. फळ्यांवरचे बूट ओळीने उभे, सगळ्यांची नाकं किंचित एकाच बाजूला वळलेली, जणू कुणी हाक मारली आणि सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं. पोलिसांचा माणूस फोटो काढत होता. अगदी मधल्या फळीवर पिवळा बूट होता, बक्कल कासवाचं. लेकीला तो हवा होता. त्या दिवशी नको म्हटलं होतं.

गोदामात मात्र नुसत्या लोखंडी मांडण्या. हाक मारली तर आवाज परत यावा इतकं मोकळं.

जिन्याखालच्या लाकडी पेटीला इन्स्पेक्टरने बुटाच्या टोकाने ढोसलं. ती सुट्या बुटांनी काठोकाठ भरलेली होती. "हे का सोडलं चोराने?"

"कचरा आहे तो, साहेब," लिलावदार म्हणाला. "बिनजोडीचे. किलोवर जातील."

"आमच्याकडे त्याला अनाथालय म्हणतात," दारातून मावशी हळूच म्हणाली. तिला पोलिसांनी घरून बोलावून आणलं होतं. "पोरं फळीवरचा बूट पायात घालून पळतात, आयांच्या गर्दीत लक्षात येत नाही. गेलेला गेला. आतला बिचारा राहतो इथे."

कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. इन्स्पेक्टरने आधी मालकाला समोर बसवलं. पांढऱ्या केसांचा, मऊ आवाजाचा माणूस. सगळं दुकान त्याला काका म्हणायचं.

"किल्ल्या किती होत्या?"

"एक जुडगा. बाईंना दिला मी तो."

"मागच्या दाराला दुसरी किल्ली नव्हती?"

काकांनी रुमाल काढला. "होती एक. मावशीकडे असायची. दिली असेल ना तिने?" त्यांनी डोळे टिपले. "इतकी वर्षं घरच्यासारखं वागवलं हो तिला."

मावशीचं नाव अजून कुणीच घेतलं नव्हतं. वकीलबाईने मान वर करून काकांकडे पाहिलं.

"मोहोर लागल्यावर तुम्ही इकडे आला होता?"

"पाऊल नाही टाकलं. बघवत नाही मला."

उठून जाताना ते माशांच्या पेटीपाशी रेंगाळले. "टवटवीत आहेत," स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "दिवसाआड चिमूटभर पडतंय, तेवढं पुरतं त्यांना."

वकीलबाईला संशय काकांचाच होता. दुकान बुडतंय म्हटल्यावर माल मावसभावाच्या घरी पोचवणारे मालक तिने पोत्याने पाहिले होते. पण मावशी समोर आली आणि सगळंच फिरलं.

इन्स्पेक्टरने विचारायच्या आत तिने कमरेच्या पिशवीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही का दिली नाहीत?"

"विसरले."

"विसरलात, की अजून येत होतात इथे?"

"माशांना घालायला."

"कुणी सांगितलं होतं?"

मावशीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कुणी नाही. माझी मीच."

"मागच्या दाराने यायचं तर गोदामातून यावं लागतं. शेवटचं आलात तेव्हा माल होता?"

"होता की. भिंतीला भिंत डब्यांची."

"आणि नंतर कुणीतरी कुलूप न तोडता तो नेला. किल्ली तुमच्याकडे. पगार तुमचा थकलेला. मी काय समजायचं, मावशी?"

"तुम्ही शिकलेले आहात, साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला समजायचं ते समजा. पण माझ्या सुनेला फोन करू नका. तिचे दिवस भरत आलेत."

शेवटी लिलावदार. वकीलबाईच्या बहुतेक दुकानांचा लिलाव त्यानेच केलेला. ती त्याला भाऊ म्हणायची. धंद्यात तो कशासाठी ओळखला जायचा ते तो स्वतःच सांगत फिरायचा, की भिंतीतला खिळासुद्धा आपण सोडत नाही. या दुकानाच्या यादीतही त्याने 'काचेची पेटी, माशांसह' असं लिहून घेतलं होतं.

"जुडगा तुमच्याकडे कधी होता?"

"मोजणी चालली तेवढाच वेळ. संध्याकाळी बाईंच्या हातात परत."

"मोजणी कशी केलीत?"

"डबे मोजले. डबा न् डबा उघडत बसलो तर लिलाव माझी नातवंडं करतील." तो हसला. मग वकीलबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हातारीच आहे, बाई. गरीब दिसणारी माणसंच हात मारतात. आपले दिवसच खराब चाललेत. ते चार गल्ल्यांपलीकडचं फर्निचरचं दुकान बघा ना, तुमची मोहोर लागून किती काळ झाला, मी कुलूप उघडून दाखवतो म्हटलं तरी गिऱ्हाईक फिरकत नाही."

पोलिसांनी दोन्ही दारांना नवी कुलपं घातली. मागची किल्ली इन्स्पेक्टरने ठेवली, पुढची वकीलबाईने. मावशीला लगेच नेऊ नका, असं तिने त्याला परोपरीने विनवलं.

"आठवड्याअखेरपर्यंत थांबतो," तो नाक पुसत म्हणाला. "पुढे माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी लिलावदार तिच्या ऑफिसात आला. "निदान फळ्या, स्टूल, शेल्फवरचे सुटे बूट तरी विकायला काढू. फोटो लागतील. दुपारपुरती किल्ली द्या." तिने दिली. खांद्याला भलीमोठी कॅमेऱ्याची बॅग अडकवून तो गेला आणि दुपार सरायच्या आत किल्ली परत आणून दिली.

आठवडा सरत आला. वकीलबाई ऑफिसातून निघाली तर जिन्यात मावशी बसलेली.

"नेतील का हो मला?"

"मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच विचारते. दुसऱ्या कुणाला विचारणार?" मावशीने पदराखालून एक छोटीशी डबी काढली. "मासे उपाशी असतील, बाई. मला तर आत सोडायचे नाहीत. तुम्ही घालाल का? चिमूटभरच. जास्त घातलं तर मरतात."

वकीलबाईने डबी घेतली. लेकीचा प्रश्न आठवला म्हणून म्हणा किंवा मावशीच्या हाताकडे बघवलं नाही म्हणून, ती तशीच दुकानात गेली.

मासे काचेला तोंड लावून वाट बघत होते. तिने चिमूट सोडली आणि सहज मागे वळून पाहिलं. काहीतरी खटकलं. फळ्या तशाच भरलेल्या, बूट तसेच ओळीने. तरी ओळ मोडल्यासारखी वाटत होती. एक बूट या बाजूला बघत होता, शेजारचा त्या बाजूला. दोन तर चक्क एकमेकांकडे नाक करून, भांडून अबोला धरलेल्या भावंडांसारखे.

तिने त्यातला एक उचलून आत बोटं घातली, लेकीला घालताना घालायची तशी. मग दुसरा. मग आणखी एक.

मधल्या फळीवर कासवाचा पिवळा बूट नव्हता. त्याच्या जागी होता तपकिरी, धूळ बसलेला.

ती जिन्याखाली वाकली. अनाथालय अर्धंअधिक रिकामं झालं होतं.

तिला आधी कळलं नाही, आधी किळस आली. ती एका बुटक्या स्टुलावर बसली. कोण ते नंतर ओघाने आलं. मग तिने इन्स्पेक्टरला फोन लावला. "साहेब, मला एका वेगळ्याच कुलपाबद्दल बोलायचंय. आणि तुमचे त्या दिवशीचे फोटो सोबत घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे दुकानात जमले. बसायला पोरांचे स्टूलच होते. काका, लिलावदार, इन्स्पेक्टर, सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले. मावशी उभीच राहिली. त्या स्टुलांवर ती कधी बसलीच नव्हती.

"भाऊ," वकीलबाई म्हणाली, "फळीवरचा कुठलाही बूट काढा."

लिलावदाराने हसत एक काढला.

"कुठल्या पायाचा?"

त्याने उलटासुलटा केला. "उजव्या. का?"

"काका, तुमच्या दुकानात फळीवर कुठल्या पायाचा बूट असतो?"

"डावा," काका म्हणाले. "वडिलांपासून डावाच. उजवा डब्यात." मग त्यांनीच फळ्यांकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"चोरीच्या सकाळी इथे सगळे डावे होते. साहेबांच्या फोटोत आहेत. आज निम्मे उजवे आहेत. म्हणजे चोर एकदा आला, माल घेऊन गेला. नंतर पुन्हा आला आणि फळीवरचे डावे घेऊन गेला. मोकळ्या जागा दिसू नयेत म्हणून त्याने जिन्याखालच्या पेटीतले बूट मांडले. त्या पेटीत उजवेच भरलेत, कारण इथून हरवतो तो नेहमी फळीवरचा डावा."

"पण पुन्हा यायचं कारण काय?" इन्स्पेक्टरने विचारलं. त्याला माहीत होतं. तरी विचारलं.

"कारण फळीवर मांडलेल्या प्रत्येक बुटाच्या डब्यात एकच बूट असतो. हे काकांना ठाऊक, मावशीला ठाऊक. त्यांच्यापैकी कुणी चोरी केली असती तर पहिल्याच फेरीत डावे खिशात घातले असते. आणि नंतर यायला त्यांच्याकडे किल्लीच नव्हती, कुलपं बदलली होती. चोर असा हवा, ज्याने माल मोजला पण डबा उघडला नाही. ज्याला माल नेल्यावर कळलं की अधूनमधून डब्यात एकटाच बूट निघतोय. आणि ज्याला चोरीनंतर पुढची किल्ली मिळाली. नव्या किल्ल्या तीनच हातांत गेल्या. एक साहेबांचा, एक माझा."

लिलावदार अजून हसत होता, पण हसू गालावर वाळल्यासारखं दिसत होतं. "फोटो काढायला गेलो होतो मी, बाई. एवढ्यावरून?"

"मोठी बॅग घेऊन. निम्मेच मावले तिच्यात. आणि मोजणीच्या दिवशी जुडगा तुमच्याकडे होता. मागच्या किल्लीची नक्कल करून घ्यायला तेवढा वेळ पुरतो."

"मग माल कुठंय? दाखवा की."

"फर्निचरच्या दुकानात," ती म्हणाली. "माझ्याच मोहोरेच्या जागेत. गिऱ्हाईकाला दाखवायला तुम्ही ते उघडता, कुणी हटकत नाही. बंद दुकानात कोण डोकावतं? आम्ही आज सकाळी डोकावलो. कपाटांत, पलंगांच्या पोटात, सगळीकडे डबे."

इन्स्पेक्टरने पिशवीतून एक डबा काढून उघडला. आत पिवळ्या बुटांची जोडी, कासवाची बक्कलं. डाव्याच्या तळाला मावशीच्या हातची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. त्याने शेजारी फोटो ठेवला. "चोरीच्या सकाळी हा इथे मधल्या फळीवर उभा आहे. चोरीला गेलेल्या डब्यात तो कसा आला, ते सांगा."

लिलावदार बुटाकडे बघत राहिला. मग मान हलवली, फार काही बिघडलं नसल्यासारखी.

"एवढा ट्रकभर माल तुम्हाला मिळाला होता, भाऊ. मूठभर बूट बिनजोडीचे राहिले असते तर काय जात होतं?"

"घेणारा म्हणाला, अर्धवट डब्यांचे पैसे कापीन." तो खांदे उडवून म्हणाला. "मग सोडायचे कशाला? खिळासुद्धा सोडत नाही मी. तुम्हीही मोठ्या कौतुकाने सांगायचात हे लोकांना."

"सांगायचे."

"मग आता तोंड वाकडं नका करू. बुडालेल्यांवरच जगतो आपण दोघं. तुम्ही मोहोर लावून, मी हातोडा आपटून."

या माणसाच्या हातचा चहा आपण किती दुकानांच्या पायरीवर बसून प्यायलोय, ते वकीलबाईला आठवत होतं. तिने हात साडीला पुसले. काही लागलेलं नव्हतं.

"हिला जेलात घालून तुम्ही त्या पैशावर झोपला असतात," ती एवढंच म्हणाली.

इन्स्पेक्टर त्याला घेऊन निघाला. बुटक्या स्टुलावरून उठताना लिलावदाराला गुडघ्यावर हात द्यावा लागला. कुणी आधार दिला नाही.

काकांनी सुस्कारा सोडला. "देवासारख्या धावलात, बाई. मला तर पहिल्यापासून खात्री होती, मावशी असं—"

"थांबा, काका," वकीलबाई म्हणाली. "एक राहिलंय. मोहोर लागल्यावर तुम्ही इथे पाऊल टाकलं नव्हतं. मावशी माशांना घालते हे त्या सकाळी तिने सांगितलं ते तुमच्यानंतर. मग दिवसाआड घातलं जातंय, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

काकांनी माशांच्या पेटीकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगितलं होतं तिला. किल्ली देऊ नकोस, मासे सांभाळ म्हणून. एका वाक्यात सुटली असती ती. पण ते वाक्य बोललं तर न्यायालयापासून किल्ली लपवल्याचा ठपका तुमच्यावर येतो. म्हणून तुम्ही ते गिळलंत. वर तिचं नाव स्वतःहून पुढे केलंत. चोरी नाही केलीत तुम्ही. पण दोघांत जास्त घाण कुणाची येते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

"मी घाबरलो होतो," काका पुटपुटले. "मावशी, तू तरी समजून घे. झालं गेलं."

मावशीने फळीवरचा तो तपकिरी बूट उचलला, पदराने पुसला आणि जिन्याखालच्या पेटीत परत ठेवला. मग वकीलबाईकडे हात केला. वकीलबाईला आधी कळेना. मग तिने पर्समधून ती छोटी डबी काढून दिली.

"बाई, आमचे पगार?"

"मोजणी मी स्वतः करेन. डबा न् डबा उघडून. सगळ्यांत आधी तुमचेच."

"बरं," मावशी म्हणाली. "सुनेला सांगते."

ती काकांपाशी गेली, त्यांचा हात उघडला आणि तळव्यावर डबी ठेवली. इतक्या वर्षांत तिने त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही.

"मासे आता तुम्ही बघा, काका. दिवसाआड, चिमूटभर. तुम्हाला ठाऊकच आहे."